लेखक निनावी, बाळंतपणं मात्र तारीखवार

प्रश्न थोडक्यात असा आहे: ड्रेस्डेनला राहणाऱ्या भावाने तिथल्या जुन्या बाजारातून जर्मन आठवणींची एक टंकलिखित प्रत आणली. पहिलं पान नाही, शेवट अर्धवट, लेखकाचं नाव कुठेच नाही. पहिल्या महायुद्धात खंदकात असलेला कुणीतरी लिहितो आहे एवढंच कळतं. जर्मन वाचता येतं, पण हा माणूस कोण हे शोधायचं कसं, आणि ते शोधता येतं का?

बऱ्याचदा येतं. जुनी जर्मन हस्तलिखितं वाचणं आणि त्यांच्या मागची दप्तरं धुंडाळणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नावाच्या मागे लागू नका. प्रत हातात आली की लोक मजकुरातल्या लढाया शोधायला लागतात, मग 'हा अमुक लेखक तर नसेल?' असं सुरू होतं. मोठ्या घटना या कामात जवळजवळ निरुपयोगी असतात. वर्दनच्या लढाईत लाखो माणसं होती. 'मी वर्दनला होतो' या वाक्यावरून कुणीही सापडत नाही. सापडतो तो 'थोरलीला मुलगा झाला, मला तार उशिरा मिळाली' अशा वाक्यावरून, म्हणजे वाचताना आपण जी पानं भराभर उलटतो त्या पानांवरून. लेखक स्वतःचं नाव लपवू शकतो, पहिलं पान फाटू शकतं. घरातला जन्म, लग्न, मृत्यू मात्र कुठल्या तरी पाद्र्याला किंवा कारकुनाला लिहून ठेवावाच लागतो. आणि जर्मन कारकुनाने लिहिलं नाही असं सहसा होत नाही.

याचा सगळ्यात चांगला दाखला तुमच्या शिपायाच्या तीनशे वर्षं आधीचा आहे. 1988 मध्ये यान पेटर्स या इतिहासकाराला बर्लिनच्या स्टाट्सबिब्लिओटेकमध्ये, म्हणजे राज्य ग्रंथालयात, तीस वर्षांच्या युद्धातल्या (1618 ते 1648) एका भाडोत्री शिपायाची वही सापडली. तुमच्यासारखीच अवस्था: सुरुवातीची पानं नाहीत, शेवटची नाहीत, नाव नाही. 1620 च्या दशकाच्या मध्यापासून 1649 पर्यंत हा माणूस नुसता चालतो आहे. इटलीपासून फ्रान्सपर्यंतची त्याची पायपीट मोजली तर 22,000 किलोमीटरांच्या वर भरते. कुठे मुक्काम पडला, काय खायला मिळालं, लुटीत काय हाती लागलं, हे सगळं तो अगदी कोरडेपणाने नोंदवतो.

वहीतला सगळ्यात प्रसिद्ध भाग माग्डेबुर्गचा. 20 मे 1631 रोजी त्या शहरावर झालेल्या हल्ल्यात तो कॅथलिक फौजेतल्या पापेनहाइम या सेनापतीच्या रेजिमेंटमध्ये होता. पोटात गोळी लागली, त्याला तळावर आणलं. शहर पेटलेलं होतं आणि त्याची बायको त्या जळत्या शहरात शिरली, त्याच्यासाठी अंथरूण आणि जखमा बांधायला कापड शोधायला. हा तंबूत पडून तिच्या काळजीत. ती परत आली ती वाइनसुद्धा घेऊन. इतिहासकारांना हा प्रसंग सोन्यासारखा वाटतो आणि तो आहेही. पण लेखक ओळखायला त्याचा उपयोग शून्य, कारण त्या दिवशी माग्डेबुर्गवर चालून गेलेले शिपाई हजारोंनी होते.

उपयोगी पडली ती दुसरीच माहिती. या शिपायाने स्वतःचं नाव कुठे लिहिलेलं राहिलं नाही, पण बायकांची नावं लिहिली. पहिली आना श्टाडलरिन, ट्राउनश्टाइनची. लग्न 1627 मध्ये, मृत्यू 1633 मध्ये म्युनिकला. दुसरी आना मारिया बुखलरिन, लग्न 1635 मध्ये फोर्त्सहाइमला. आणि लेकरं: कुठल्या मुक्कामी जन्मली, कुठे गेली. बहुतेक बालपणीच गेली. फौजेच्या मागे चालणाऱ्या बाईची बाळंतपणं जिथे फौज असेल तिथेच व्हायची, आणि बाप्तिस्मा जवळच्या गावच्या चर्चमध्ये. म्हणजे वहीतली ही दुःखांची यादी ही प्रत्यक्षात चर्चच्या नोंदवह्यांची यादी होती. त्यातल्या एका गावी, हेसेमधल्या एंगेलरोडला, नोंदवही टिकलेली निघाली आणि तिच्यात शिपाई बापाचं नाव होतं: पेटर हागेनडॉर्फ.

एवढ्यावर पेटर्सने ढोल वाजवला नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. 1993 च्या आवृत्तीत हे नाव संभाव्य म्हणूनच पुढे ठेवलं गेलं. पुढच्या संशोधकांनी ते पक्कं केलं, आणि युद्धानंतरचा माणूसही सापडला: ब्रांडेनबुर्गमधल्या ग्योर्त्सके या लहानशा गावात तो न्यायाधीश आणि नगराध्यक्ष झाला होता. 1679 मध्ये तिथेच वारला. पोटात गोळी खाल्लेला, आयुष्यभर दुसऱ्यांची घरं लुटणारा माणूस म्हातारपणी गावकऱ्यांचे तंटे सोडवत बसला होता, हे नुसत्या वहीवरून कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

एक आडवळण घेतो, कारण यात भलेभले फसतात. त्या काळात जर्मनीत दोन पंचांगं चालू होती. कॅथलिक प्रदेशांनी 1580 च्या दशकात नवं ग्रेगरियन पंचांग घेतलं, प्रोटेस्टंट प्रदेश 1700 पर्यंत जुन्यावरच होते. फरक दहा दिवसांचा. माग्डेबुर्गचा हल्ला नव्या हिशोबाने 20 मे, जुन्या हिशोबाने 10 मे. शिपाई कॅथलिक फौजेत नवी तारीख लिहिणार, आणि पाद्री प्रोटेस्टंट असेल तर जुनी. हे माहीत नसलेला माणूस 'तारीख जुळत नाही' म्हणून बरोबर नोंद सोडून पुढे जातो. तुमच्या 1914 च्या शिपायाला ही भानगड नाही, पण त्याच्या बाबतीत 'पेंटेकॉस्टच्या (ईस्टरवरून ठरणाऱ्या एका ख्रिस्ती सणाच्या) आदल्या शनिवारी' असले उल्लेख येतील. त्यांची तारीख काढायला त्या त्या वर्षीचा ईस्टर बघावा लागतो.

आता तुमची प्रत. मजकूर बाजूला ठेवा आणि आधी वस्तू बघा.

ती टंकलिखित आहे, म्हणजे ती मूळ नसण्याची शक्यता मोठी. खंदकातून आलेला शिपाई वहीत लिहायचा, तेही कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच जर्मनीत कुरेंटचं झालं: आजोबांचं लिहिलेलं नातवाला वाचता येईना. शाळेत शिकवला जाणारा तिचा शेवटचा अवतार, झ्युटर्लिन, 1941 मध्ये बंद झाला. त्यामुळे पुढच्या पिढीत कुणीतरी मुलगी, सून, पुतण्या वही टाइप करून ठेवायचा. आता टायपिंगच्या चुका शोधा. कुरेंटमध्ये 'ए' (e) हे अक्षर आपल्या डोळ्यांना 'एन'सारखं (n) दिसतं. टाइप केलेल्या मजकुरात, विशेषतः आडनावं आणि गावांची नावं यांत, 'ए'च्या जागी 'एन' किंवा उलट असं वारंवार दिसलं, तर समजा की टाइप करणाऱ्यासमोर कुरेंटमधली वही होती आणि त्याला ती नीट वाचता येत नव्हती. बोट चुकून असं होत नाही. जर्मन यंत्रावर या दोन कळा एकमेकींपासून चांगल्याच लांब आहेत, एक वरच्या ओळीत डावीकडे, दुसरी खालच्या ओळीत उजवीकडे. या एका खुणेवरून दोन गोष्टी हातात येतात: मूळ वही होती, आणि नकाशावर न सापडणारं गाव या चुकीमुळे सापडत नसेल. अक्षर बदलून परत शोधा.

कागदाचा आकार मोजा. ए-फोर हा आकार जर्मनीत 1922 च्या प्रमाणीकरणानंतर आला. त्याहून उंच, 21 बाय 33 सेंटिमीटरचा कागद असेल तर प्रत जुनी असू शकते, किंवा जुना साठा वापरलेला असू शकतो. जर्मन भाषेचं खास 'एस्त्सेट' (ß) अक्षर सगळीकडे 'एसएस' (ss) असं उमटलं असेल, तर यंत्र स्विस किंवा परदेशी असण्याचा संभव आहे, म्हणजे कुटुंब देशाबाहेर गेलेलं असू शकतं. पाठीमागे दुकानाचा किंवा बाइंडरचा शिक्का असेल तर त्यातला पिनकोड बघा: दोन आकडी 1941 पासून, चार आकडी 1961 च्या सुमारापासून, पाच आकडी 1993 पासून. यातल्या एकेका खुणेला फार किंमत नाही, पण तीन खुणा एकाच दशकाकडे बोट दाखवायला लागल्या की प्रत कधी झाली ते कळतं.

आणि हो, ड्रेस्डेनला मिळाली म्हणून लेखक सॅक्सनीचा, असं धरून चालू नका. 1945 मध्ये सिलेशिया आणि पूर्व प्रशियातून लाखो लोक पेटी उचलून पश्चिमेकडे आले. त्या पेट्यांमध्ये अशा वह्या होत्या.

यानंतर मजकूर वाचा, हातात पेन्सिल घेऊन, आणि फक्त नोंद होण्याजोग्या गोष्टी काढा: जखम, बदली, इस्पितळ, रजा, बहिणीचं लग्न, वडिलांचा मृत्यू, शेजारच्या खाटेवरचा माणूस, मेलेला सोबती. सोबत्याचं नाव लेखकाच्या नावाइतकंच मोलाचं आहे, कारण निनावी लेखक स्वतःला झाकतो, मेलेल्या मित्राला सहसा झाकत नाही.

इथे तुमचं नशीब चांगलं आहे. 1914 पासून जर्मनीत मृत, जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या याद्या छापल्या गेल्या. जर्मन वंशावळ अभ्यासकांच्या संगणक-मंडळाने त्यांची सूची ऑनलाइन केली आहे, नाव घालून फुकट शोधता येते. 1916 च्या अखेरीपर्यंत या याद्या तुकडीवार होत्या: रेजिमेंट, कंपनी, मग नावं, बहुतेकदा जन्मगावासह. समजा तुमच्या माणसाने लिहिलंय की एका हल्ल्यात त्याचा मित्र अमुक पडला आणि त्याला स्वतःला हाताला किरकोळ जखम झाली. मित्राचं नाव यादीत घाला. ते मिळालं की रेजिमेंट आणि कंपनी मिळाली. त्याच कंपनीच्या त्याच यादीत 'किरकोळ जखमी' असा शेरा असलेली मूठभर नावं असतील. लेखक त्यांच्यातला एक असण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येकाचं गाव लिहून घ्या आणि आठवणींतल्या बालपणाशी ताडून बघा: नदी आहे का, कोळशाची खाण आहे का, चर्च कुठल्या पंथाचं. बहुतेक नावं इथेच गळतात. फक्त एक ध्यानात ठेवा, यादी छापली जायची ती घटनेनंतर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. लढाईच्याच आठवड्याची यादी बघून निराश होऊ नका.

लोक यानंतर लगेच सैनिकाची सेवापुस्तिका मागायला अभिलेखागाराला पत्र लिहितात. प्रशियाच्या सैन्याचा असेल तर पत्र लिहिण्याचे कष्ट वाचवा: ते दप्तर पोट्सडामला होतं आणि एप्रिल 1945 च्या बॉम्बहल्ल्यात बहुतांश जळालं. बव्हेरियाचा असेल तर म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात सैनिकांच्या नोंदपटांचा प्रचंड साठा शाबूत आहे. व्युर्टेम्बर्गसाठी श्टुटगार्ट, बाडेनसाठी कार्ल्सरूह. कुठल्या राज्याचं रेजिमेंट यावर तुमचं पुढचं वर्ष सोपं जाणार की अवघड हे ठरतं. शिवाय 1920 च्या दशकात अनेक रेजिमेंटांचे छापील इतिहास निघाले. मोठ्या ग्रंथालयांत ते मिळतात. साध्या शिपायाचं नाव त्यात क्वचित असतं, पण हालचाली तारीखवार असतात.

दोन-चार उमेदवार उरले की सैन्य सोडा आणि गावाकडे वळा. प्रशियात ऑक्टोबर 1874 पासून आणि सगळ्या जर्मनीत 1 जानेवारी 1876 पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची आहे. जन्माची नोंद 110 वर्षांनी, लग्नाची 80 वर्षांनी, मृत्यूची 30 वर्षांनी अभिलेखागारात जाते आणि खुली होते. तुमचा शिपाई 1890 च्या दशकात जन्मलेला असणार, म्हणजे त्याची नोंद खुली आहे. ती मागवताना एक गोष्ट आवर्जून सांगा: समासासकट स्कॅन हवा. जन्मनोंदीच्या समासात पुढे झालेलं लग्न आणि मृत्यू यांची ठिकाणं आणि क्रमांक पुष्कळदा टिपलेले असतात. जन्म सिलेशियात आणि मृत्यू ड्रेस्डेनला, असं एका ओळीत दिसलं तर प्रत तुमच्या भावाच्या हाती कशी आली हेही उलगडतं. सिलेशियाची पुस्तकं पोलंडच्या अभिलेखागारांत आहेत, त्यांतली खूपशी ऑनलाइन आहेत. चर्चच्या नोंदवह्यांसाठी दोन संकेतस्थळं आहेत: प्रोटेस्टंटांसाठी आर्किओन, तिथे पैसे पडतात. कॅथलिकांसाठी मात्रिकुला, ते फुकट.

लेखक गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या शाळेत, शिकलेला वाटत असेल, म्हणजे लॅटिन म्हणी वगैरे टाकत असेल, तर शाळांचे वार्षिक अहवाल बघा. शालान्त परीक्षा दिलेल्यांची नावं, बापाचा धंदा, सगळं त्यात छापलेलं असायचं. गीसनच्या विद्यापीठ ग्रंथालयात त्यांचा फार मोठा संग्रह आहे.

हल्ली लोक मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेला देऊन 'लेखक कोण?' असं विचारतात. ती नाव देईलच, तीच तर अडचण आहे. हस्ताक्षर वाचायला ट्रान्सक्रिबससारखं साधन जरूर वापरा, पण नाव नोंदवहीतूनच येऊ द्या.

छापील निनावी पुस्तक असेल तर वाट वेगळी, आणि तुलनेने लवकर संपणारी. होल्त्समान आणि बोहाटा यांचा निनावी ग्रंथांचा सात खंडी जर्मन कोश विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत निघाला, आधी तो बघायचा. मग प्रकाशकाची कागदपत्रं, ती लाइपझिगला किंवा मारबाखला असू शकतात. कधी घरच बोलतं: 1928 मध्ये निनावी छापलेल्या 'श्लुम्प' या युद्धकादंबरीचा लेखक हान्स हर्बर्ट ग्रिम हा आल्टेनबुर्गचा शिक्षक. नाझी काळात त्याने आपलं पुस्तक घराच्या भिंतीत चिणून ठेवलं होतं. आणि नाझी छळातून सुटलेला लेखक असेल तर नुकसानभरपाईची दप्तरं विसरू नका. फ्रांस्वाझ फ्रेंकेल या बाईंनी बर्लिनमध्ये फ्रेंच पुस्तकांचं दुकान चालवलं होतं. त्यांच्या आठवणी 1945 मध्ये जिनिव्हात फ्रेंचमध्ये छापल्या आणि विस्मरणात गेल्या. 2010 मध्ये एक प्रत नीसच्या जुन्या सामानाच्या बाजारात सापडली. नाव मुखपृष्ठावर होतं, पण बाईंचा पत्ता लागत नव्हता. जे हाती आलं त्यात जप्त झालेल्या एका ट्रंकेबद्दल त्यांनी जर्मन सरकारकडे मागितलेली भरपाई होती. ट्रंकेत काय काय होतं ते माणूस सरकारला लिहून देतो, तितकं आत्मचरित्रात लिहीत नाही.

आता जरा नाजूक भाग. नाव सापडलं तर काय करायचं?

बर्लिनमधल्या एका स्त्रीची 20 एप्रिल ते 22 जून 1945 या काळातली डायरी तुम्ही ऐकून असाल. रशियन सैनिकांनी केलेल्या बलात्कारांबद्दल तिने कुठलाही आडपडदा न ठेवता लिहिलं. 1954 मध्ये ती अमेरिकेत इंग्रजीत निनावी छापली, 1959 मध्ये जिनिव्हाच्या कोसोडो प्रकाशनाने जर्मनमध्ये काढली. जर्मन वाचकांनी तिला थंड, काहींनी तर हेटाळणीचा प्रतिसाद दिला. आपण जिवंत असेपर्यंत पुन्हा छापायची नाही, असं बाईंनी ठरवलं. 2001 मध्ये त्या वारल्या, 2003 मध्ये पुस्तक पुन्हा निघालं आणि खूप गाजलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये येन्स बिस्की या पत्रकाराने झ्युडडॉयचे त्साइटुंग या दैनिकात नाव सांगून टाकलं: मार्टा हिलर्स, पत्रकार. मोठा गदारोळ झाला. ज्यांच्या ग्रंथमालेत पुस्तक निघालं ते हान्स माग्नुस एन्त्सेन्सबेर्गर चांगलेच भडकले.

माझं मत असं की बिस्कीने प्रश्न बरोबर विचारला होता. प्रकाशक अस्सल डायरी म्हणून विकतो आहे, तर मूळ कुठे आहे हे विचारायचा हक्क वाचकाला आहेच. पण नावाने त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. लेखक वाल्टर केम्पोव्स्की यांनी मूळ कागद बघून अस्सलपणाचा निर्वाळा दिला. खरं चित्र स्पष्ट झालं ते त्याच्याही नंतर, 2019 मध्ये, जेव्हा म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेत युलिया फॉन झाल यांनी मूळ वह्या, टंकलिखित आणि छापील मजकूर शेजारी शेजारी ठेवून तपासले. डायरी होती, आणि नंतर तिच्यावर संस्करण होऊन, भर पडून पुस्तक झालं होतं. दोन्ही खरं होतं. तुमच्या हातातली टंकलिखित प्रतही बहुधा मधली पायरी आहे, हे त्यासाठीच सुरुवातीला सांगितलं. लेखक सापडला तरी टाइप करणाऱ्या सुनेने काय गाळलं ते कळायला मूळ वही लागेल.

म्हणून नाव पक्कं झालं की आधी वारस शोधा आणि साधं, सभ्य पत्र लिहा. मूळ वही त्यांच्याकडे असू शकते. छापायचा विचार असेल तर दुसरंही कारण आहे: जर्मनीत लेखनहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो. 1916 मध्ये विशीत असलेला माणूस 1970 च्या दशकात वारला असेल तर हे शब्द अजून त्याच्या नातवंडांचे आहेत. नाव नाहीच मिळालं तर प्रतीची नक्कल एमेंडिंगेनच्या जर्मन डायरी अभिलेखागाराला देता येईल का ते विचारा. सामान्य माणसांच्या डायऱ्या आणि आठवणी जपणं हेच त्यांचं काम आहे.

यातलं बरंचसं सावकाश केलं तरी चालेल, एक गोष्ट सोडून. भावाला आजच फोन करा आणि त्या विक्रेत्याला गाठायला सांगा. असे विक्रेते बहुतेकदा एखादं घर रिकामं करताना सगळं खोकंच्या खोकं उचलतात. आठवणींची प्रत एका टेबलावर जाते, त्याच खोक्यातले फोटो दुसऱ्यावर, पाकिटं तिकिटं जमवणाऱ्याकडे आणि लष्करी पासबुक पदकवाल्याकडे. पाकिटावर पत्ता असतो, पासबुकावर नाव असतं. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत त्यातलं काय उरेल ते सांगता येत नाही.